नवापूरची घागर

२८ मार्च

माय आज अशी खवळली की शेजारची जसोदाबाई भिंतीवरून डोकावली. कारण काय? घागर!

मी एवढंच म्हणाले — आखाजी आली, आबांची पहिलीच घागर, कुंभाराला आधी सांगून ठेवते. दोन सांगू ना?

झालं! हातातलं सूप आपटलं. "दोन? दुसरी कोन्ही? मन्हा घरमा ती घागर आते भरानी नही!"

मला वाटलं होतं, हा विषय आबांबरोबर गेला. कसला जातो!

२९ मार्च

आज डोकं थंड आहे, नीट लिहिते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या प्रकाशा गावी घरोघरी वारलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्याने भरतात. वर खरबूज ठेवतात. सांजोरी, आमरस असा घास काढून निखाऱ्यावर टाकतात. आमच्या घरी एक घागर जास्तीची. आबा फौजेतून कायमचे घरी आले त्या वर्षापासून. पहिली आमच्या आजा-पणज्यांची. दुसरी कोणाची ते आबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. ती भरताना त्यांचे ओठ हलायचे, आवाज नाही. माय विचारायची. आबा म्हणायचे, "ते मन्हं मी दखसू."

मग मायने स्वतःच उत्तर शोधलं. आबा फौजेत असताना एकदा निमोनियाने दवाखान्यात पडले होते. तिथे एक नर्स असणार. आबांचा जीव जडला असणार. पुढे ती मेली असणार. झाली गोष्ट तयार! चाळीस वर्षं माय त्या बाईशी भांडते आहे. बिचारीला नावसुद्धा नाही.

आम्ही भावंडं हसायचो. आता हसू येत नाही. कारण काल रडता रडता माय म्हणाली — "मी त्यासनी कोन व्हती? एवढं माले सांग. मंग मी घागर भरसू. नहीतं एकबी नही." एकही नाही म्हणजे आबांचीसुद्धा नाही! पहिल्या वर्षी! लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मला स्वतःलाच सहन होणार नाही. आबा तहानलेले राहिले असं वाटत राहील. शिकलेली बाई आहे मी, तरी वाटेल.

सुरतला भाग्येशला फोन केला. म्हणे, "ताई, तू मायला सांभाळ. मी आखाजीला येतोच." उपकार झाले!

३१ मार्च

दुकानावर गेले. पाटी तशीच — 'फौजी मोटार रिवाइंडिंग'. शटर वर गेलं आणि वार्निशचा वास आला. तिथेच रडू फुटलं. घरी नाही, तापीवर नाही, इथे!

वाहरूकाका कॉइल भरत बसले होते. दुकान सुरू झालं तेव्हापासूनचे आबांचे जोडीदार. सीझन आहे, जळालेल्या मोटारींची रांग लागली आहे. आबा असते तर एव्हाना चारपाच शेतकऱ्यांना शिव्या देऊन झाल्या असत्या. "विहीर आटनी तरी मोटार चालूच? तुले कोनी उपाशी पळाडं तं?" आणि शिव्या खाऊन लोक खुशाल बाकावर बसायचे, चहा मागायचे. मोटार तयार झाली की आबा ती चालू करून वर तळहात ठेवायचे. डोळे मिटून. तेवढ्या वेळात कोणी बोलायचं नाही. मग हात काढून एकच शब्द — "ने."

फौजेतही त्यांचं हेच काम होतं. जनरेटर, मोटारी. लढाईच्या गोष्टी सांगा म्हटलं की खेचरांच्या सांगायचे. खेचर कसं लाथ मारतं, कसं बर्फात हटून बसतं! पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्ची मांडून ठेवायचे त्यांच्यासाठी, तर हे मागच्या रांगेत पोरांच्या मागे उभे. मला लाज वाटायची. वाटायचं, छाती काढून पुढे बसायला काय होतं या माणसाला!

वाहरूकाकांना सरळच विचारलं. दुसरी घागर कोणाची? बराच वेळ तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "कुंभारकडथीन घागरी मीच लई येवू. आबा म्हनेत — एक आपली, एक नवापूरनी. मी कधी जास्त इचारं नही."

नवापूरची! आमचं कोण आहे नवापूरला? कोणीही नाही.

१ एप्रिल

मायला सांगायचं नव्हतं. सांगून बसले. मूर्ख मी!

"नवापूर! दखं? तठल्या कितल्या पोरी नर्स शेतस!" — डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर चक्क जिंकल्याचा भाव. चाळीस वर्षांनी पुरावा मिळाला बाईला.

दुपारी जेवली नाही.

३ एप्रिल

भाग्येशने आबांचा फोटो मोठा करून पाठवला आहे. फ्रेम, हार, सगळं. पण फोटो कोणता? फौजेतला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, वर्दी, कोवळी मिशी. गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची, बातमी त्याने माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकली होती, तिथेही हाच. म्हणतो, यात आबा रुबाबदार दिसतात.

मायने फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. "हाऊ कोन पोऱ्या शे? याले मी वळखस नही. मी ज्याले भाकर वाढी तो दखाड माले."

चुकीचं काही बोलली नाही. पण या पोराच्या वेळचाच संशय आहे ना तिला. म्हणून त्याचं तोंड नको.

६ एप्रिल

आज माय शांत होती. ओट्यावर बसून सांजोरीचा रवा चाळत होती. (घागर भरणार नाही म्हणते आणि रवा चाळते!) मी जवळ बसले. आबांच्या खोडी निघाल्या.

आम्ही लहान असताना थंडीत गोधडी डोक्यावरून घेऊन झोपायचो. आबा यायचे आणि सर्रकन तोंडावरची गोधडी ओढायचे. "तोंड उघडं ठेवा!" रोज! किती राग यायचा. एकदा भाग्येशने मुद्दाम पुन्हा तोंड झाकलं तर त्याला उठवून बसवलं आणि स्वतःच घामाघूम. निमोनियाने घेतलेली धास्ती असेल, असं माय म्हणायची.

रात्री दचकून उठायचेही. पण शेवटचं वर्ष बरं गेलं म्हणे. सारंगखेड्याची यात्रा होती — मागची नाही, त्याच्या आधीची. आबा दरवर्षी तिथल्या पाळण्याच्या जनरेटरचं काम बघायला जायचे. त्या वर्षी लवकर घरी आले, हातात जिलेबीचा एवढा मोठा पुडा! शुगर असून! मायने बोलायला तोंड उघडलं तर तिच्याच तोंडात जिलेबी घातली. जसोदाबाईसमोर! सांगताना माय लाजली. सत्तरीची माय, लाजली!

"तैपाशीन लेकरूगत जपेत." तेव्हापासून लेकरासारखे झोपायचे. माय शहाद्याच्या डॉक्टरांच्या गोळीला श्रेय देते.

मग हळूच म्हणाली, गेल्या आखाजीला आबांनी दुसरी घागर भरलीच नाही. मी तेव्हा धुळ्याला होते, मला माहीत नव्हतं. का नाही भरली? "गुडघा दुखस म्हनेत. माले वाटनं — सुटनी एकदानी!" तिला वाटलं, त्या बाईला नवरा शेवटी विसरला. म्हातारपणी का होईना, अख्खा आपल्याला मिळाला. आणि मी मूर्खासारखी विचारते, दोन सांगू का!

तिचा राग आज कळला मला.

९ एप्रिल

कुंभाराकडे गेले, दारातून परत आले. किती म्हणून सांगू?

१२ एप्रिल

आज काय झालं! लिहूनच काढते.

सकाळी दहाच्या सुमाराला दारात गाडी थांबली. एक मुलगी उतरली. पंचविशीची, सलवार-कमीज, गळ्यात बारीक क्रॉस. "रतिलाल फौजींचं घर हेच का?" दारावर बसायला, सांत्वनाला आलेलं कोणी असेल म्हणून मी या म्हटलं, पाणी दिलं. मायने विचारलं, कुठली गं तू?

"नवापूरकडची. प्रिस्किला. नंदुरबारला दवाखान्यात नर्स आहे."

मायने माझा दंड धरला. ती बाई आलीच, या खात्रीने मला म्हणते, "ऊनी! दखं? ऊनी!"

मी मायला डोळ्यांनी दटावते आहे, ती मुलगी गोंधळून दोघींकडे बघते आहे. माय काही ऐकेना. थेट विचारलं — "तुन्ही आजी कोठे शे?"

"आजी? घरी आहे. बकऱ्या कोण बघणार?"

"जित्ती शे?"

"हो!" प्रिस्किला घाबरली. "का? कोणी काही सांगितलं का?"

मायचा सगळा हिशेबच बसेना. बाई जिवंत, मग घागर कशाची? तेवढ्यात गाडीतून एक म्हातारा उतरला. काठी, डोक्यावर जुनी फौजी टोपी, एक पाय ओढत. उंबऱ्याशी थांबून बूट काढायला लागला. मी म्हटलं, राहू द्या बाबा. ऐकलं नाही. आत आला, हात जोडले. "मी योहान. रतिलालबरोबर होतो. एका तंबूत." प्रिस्किला त्यांची नात. ग्रुपवरचा फोटो कोणीतरी तिला पुढे पाठवला आणि तिने आजोबांना दाखवला.

"कुठंय तो?" म्हणाले. मला वाटलं, आबा गेल्याचं यांना माहीत नाही की काय! मग कळलं, फोटो विचारत होते. मी धावत जाऊन फ्रेम सरळ केली. योहानबाबांनी काचेवर तळहात ठेवला. "हाच. हाच तर!"

मग सांगितलं. थोडं मराठी, थोडं फौजी हिंदी.

बर्फातली पोस्ट. वरच्या टप्प्यावरचा जनरेटर बंद पडला. ड्यूटी आबांची होती. आबांना ताप. "मी बोललो, तू लेट, मैं जाता हूँ. त्याने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. मला काय, डोंगरातला माणूस!" वाटेत बर्फाचा कडा सुटला. योहान खाली गेला. पोरांनी उकरून काढला, स्ट्रेचरवर घातला, आणि वारा इतका बोचरा की तोंडावरून कांबळं ओढलं. ऊब राहावी म्हणून. स्ट्रेचर आबांच्या तंबूसमोरून गेलं.

आबांनी पाहिलं. तोंड झाकलेलं. आपल्याकडे माणसाचं तोंड झाकलं की सगळं संपलं. कोण विचारतं मग?

त्याच संध्याकाळी आबांचा ताप चढला. त्यांना दुसरीकडे नेलं. निमोनिया. बरे झाले तर बदली भलत्याच युनिटला. योहानबाबा वर्षभर पायासाठी दवाखान्यात होते. मग पेन्शन घेऊन घरी. "मला कळलं, रतिलाल बरा आहे. मनात म्हटलं, चला, सुखी आहे."

मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, एकाच जिल्ह्यात! एकदा तरी यायचं!

ते सरळ बोलले — "बेटी, तुम्ही तापीकाठचे शेतीवाडीवाले. मी डोंगरातला. तंबूत एक होतो. घरात एक असू का, ते मला माहीत नव्हतं." मी मान खाली घातली.

आणि आबा का नाही गेले नवापूरला? ते योहानबाबांनीच सांगितलं. त्यांची आई, पारुबाई. ती मुलाला पोचवायला स्टेशनवर यायची आणि आबांचा हात धरून म्हणायची — माझ्या पोराला बघशील ना? त्या बाईसमोर आबा कुठल्या तोंडाने जाणार होते! माझ्या जागी तुझा पोरगा गेला, असं सांगायला?

म्हणून घागर. इथे, आमच्या ओट्यावर, ओठांतल्या ओठांत.

मी योहानबाबांना सांगितलं — आबा दर आखाजीला तुमच्या नावाची घागर भरत होते. आधी त्यांना समजलंच नाही. प्रिस्किलाने त्यांच्या बोलीत सांगितलं. मग हसायला लागले. हसता हसता ठसका! "म्हणजे माझ्या वाट्याची सांजोरी इतकी वर्षं निखाऱ्यावर? आणि मी तिकडे भाकरी खातोय!"

माय हसली नाही. उठली, आत गेली. "जित्ता मानूसनी घागर! माय वं! पाप, पाप!" पुटपुटत कढई चढवली. गरम सांजोरी ताटलीत आणली आणि म्हाताऱ्यापुढे जमिनीवर बसली. "खाय ले भाऊ. आते तुन्हा हातथीन, तुन्हा तोंडमा. मन्हासमोर."

त्यांनी खाल्ली. एक, मग आणखी एक. माय बघत राहिली. डोळे पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

निघताना त्यांनी बूट घातले तेव्हा मायने काठी हातात दिली आणि म्हणाली, "पुढलीदाव बूट काढानी गरज नही."

१३ एप्रिल

सकाळपासून हलकं वाटतंय. मायने पोटभर खाल्लं. कुंभाराला निरोप धाडला — एक घागर! चांगली खणखणीत!

तरी एक टोचतंय. आबांना हे कळायला हवं होतं. जन्मभर पोरांच्या तोंडावरची गोधडी ओढली या माणसाने. पंधरा ऑगस्टला मागे उभा राहिला. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो तिकडे बकऱ्या राखतोय, नातवंडं खेळवतोय! कोणी एक शब्द सांगितला असता तर? आबा ते ओझं घेऊनच गेले. माझा जीव तुटतो.

मायला बोलले. ती उठून फ्रेमची काच पदराने पुसत बसली.

१५ एप्रिल

माय अचानक म्हणते, "ती नर्स तं गयी वं."

"कोणती नर्स?"

"मन्ही! इतलं भांडनू तिन्हासंगे. आते कोनसंगे भांडू?"

दोघी हसलो. जसोदाबाई पुन्हा भिंतीवर. दुखवट्याच्या घरात एवढं हसतात म्हणून तिला काय वाटलं असेल ते वाटो!

१९ एप्रिल, आखाजी

घागर मायनेच भरली. भाग्येश पुढे झाला तर त्याचा हात बाजूला केला. नवऱ्याचं नाव कधी घेत नाही ती. आज घेतलं. मोठ्याने. "रतिलाल!" घास टाकला तो नीट पेटला, धूर सरळ वर गेला.

फोटोही बदलला. आता भिंतीवर मायला हवे ते आबा आहेत. दुकानासमोर उभे, पांढरी झुबकेदार मिशी, गळ्यात लाल मफलर, कपाळाला आठ्या. माय म्हणाली, "हां. हाऊच." भाग्येशने जुनी फ्रेम मागितली. देऊन टाकली.

हा फोटो प्रिस्किलाला पाठवला. म्हटलं, आजोबांना दाखव, त्यांचा मित्र म्हातारपणी कसा दिसायचा ते.

२१ एप्रिल

प्रिस्किलाचा फोन. फोन योहानबाबांनी घेतला.

"बेटी, हा माणूस मी पाहिलाय. लाल मफलर. सारंगखेड्याची यात्रा — मागची नाही, त्याच्या आधीची. पोरगी पाळण्यात बसली होती, मी खाली उभा. समोर जनरेटरपाशी हा होता. माझ्याकडे बघत होता, बघतच होता. मग हातातला पाना खाली ठेवला आणि ताठ उभा राहून मला सॅल्यूट ठोकला. गर्दीत! मला वाटलं, माझी टोपी बघून केला असेल कोणी. मी पण केला. मी पुढे जाणार, तर तो वळला आणि गेला."

जिवंत माणसाची घागर भरत होतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते आबा!

मायला सांगितलं. ती फोटोपुढे गेली. मग म्हणाली, "मंग जिलेबी त्यानी व्हती!"

आणि त्यानंतरच्या आखाजीला एकच घागर.